डार्कग्रे

दुपारी एका वेबपानाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरांतली ओळ फार फिकी वाटली. तिला ग्रे रंग दिलेला होता. जरा गडद करावी म्हणून त्या जागी डार्कग्रे लिहिलं, तर ओळ आणखीच फिकी झाली. पान पुन्हा लोड केलं. चष्मा पुसला. फिकी ती फिकीच.

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान कसं दिसावं हे जिच्यात लिहितात त्या भाषेत, डार्कग्रे हा ग्रेपेक्षा उजळ आहे. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर ग्रे १२८ वर बसतो आणि डार्कग्रे १६९ वर. सीएसएस शिकणाऱ्याला हे कधी ना कधी कुणीतरी हसत हसत सांगतंच, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत खरं वाटत नाही. झालंय ते दोन बिऱ्हाडांची भांडी एकाच मांडणीवर लावावीत तसं. १९९६ साली सीएसएसची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात १६ रंगांची नावं सुचवलेली होती. ग्रे त्यांतला. पुढे एक्स-इलेव्हन नावाच्या, युनिक्स संगणकांच्या पडद्यावर चित्रं आणि खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीची रंगनावांची लांबलचक यादी आत घेतली गेली. तिथला ग्रे १९० वर होता, म्हणजे तिथला डार्कग्रे नावाप्रमाणे गडदच होता. एकत्र येताना ग्रे एका यादीचा राहिला आणि डार्कग्रे दुसरीचा. हिरव्याचंही तेच. पूर्ण २५५ चा झगझगीत हिरवा म्हणजे लाइम, आणि ग्रीन म्हटलं की जेमतेम निम्म्या आकड्याचा, १२८ चा. आता हे सरळ करायला जावं तर जुन्या पानांचे रंग एका रात्रीत पालटतील. त्यामुळे कुणी हात लावत नाही. मला हे आवडतं, का ते नीट सांगता येणार नाही.

लहानपणी माझ्याकडे मेणखडूंची पेटी होती. प्रत्येक खडूला कागद गुंडाळलेला आणि त्यावर रंगाचं नाव. खडू झिजत झिजत कागदापर्यंत आला की कागद फाडावा लागतो, आणि फाडला की नाव जातं. म्हणून मी त्या आधीच थांबायची. पेटीतले सगळे खडू बोथट आणि जवळजवळ तेवढेच लांब. दादा याच्या उलट. तो पहिल्याच दिवशी सगळे कागद सोलून टाकायचा, खडू आडवा धरून अख्खं आभाळ एका फटक्यात रंगवायचा, आणि मग जांभळा समजून गडद निळा उचलायचा. त्याची चित्रं माझ्यापेक्षा चांगली असत, हे आता म्हणायला हरकत नाही. आई मला विचारायची, "चित्र काढतेस की पेटी सांभाळतेस?"

पेटीच सांभाळत होते. अजूनही सांभाळते. कामात मुरलेली माणसं रंग आकड्यांत लिहितात, हॅशचं चिन्ह आणि पुढे सहा अक्षरं. मी नावं लिहिते. टोमॅटो, पपायाव्हिप, कॉर्नफ्लॉवरब्लू, लाइटगोल्डनरॉडयेलो. हे शेवटचं लिहिताना तर एखाद्या घरंदाज माणसाला पूर्ण नावानं हाक मारल्यासारखं वाटतं. आकडेवाल्यांचं म्हणणं असं, की टोमॅटोपेक्षा किंचित गडद रंग हवा झाला तर काय करणार? नावांना मधल्या पायऱ्या नसतात. मान्य. शिवाय नाव लिहिताना एखादं अक्षर घसरलं तर सीएसएस तक्रारही करत नाही, ती ओळ नसल्यासारखी पुढे जातं, आणि आपण अर्धा तास भलतीकडेच शोधत बसतो. तेही मान्य. तरी मी नावंच लिहिते.

या यादीत एक नाव मात्र बरंच नंतर आलं. रेबेकापर्पल, #६६३३९९. एरिक मेयर हे नाव सीएसएस शिकलेल्या पुष्कळांना माहीत असतं. या भाषेवरची त्यांची पुस्तकं वाचून एक पिढी शिकली. २०१४ च्या जूनमध्ये त्यांची मुलगी रेबेका मेंदूच्या कर्करोगानं गेली, तिच्या सहाव्या वाढदिवशीच. तिचा आवडता रंग जांभळा. ओळखीच्या आणि अनोळखी लोकांनी मिळून सुचवलं की या रंगाला तिचं नाव द्यावं, आणि सीएसएसच्या समितीनं त्याच महिन्यात ते मान्य केलं. मेयर यांनी एकच गोष्ट मागितली: बेकापर्पल नको, रेबेकापर्पल ठेवा. बेका हे लहान बाळाचं नाव, सहा वर्षांची झाले की मला सगळ्यांनी रेबेका म्हणायचं, असं तिनं सांगून ठेवलं होतं. आणि ती जवळजवळ बारा तास सहा वर्षांची होती.

जांभळा हवा असला की मी हाच लिहिते. साध्या बटणालासुद्धा.