रक्ताची टेस्ट आणि आमटीची टेस्ट

रक्ताची टेस्ट आणि आमटीची टेस्ट आपण मराठीत एकसारखीच लिहितो, एकसारखीच म्हणतो. बॅटरीचा सेल आणि कपड्यांचा सेलही तसाच. मराठी बोलताना त्याने काही अडत नाही, वाक्यावरून कळतं. इंग्रजीत मात्र हे दोन निराळे स्वर आहेत आणि आपल्या एकाच मात्रेखाली दोन्ही झाकले जातात. मॅन आणि मेन यांत आपला गोंधळ सहसा होत नाही, कारण अर्धचंद्राने फरक डोळ्यांना दिसतो. या ए-साठी वेगळी खूण नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं कानाला जाणवतच नाही.

पहिल्याला तुटका ए म्हणू. रक्ताची टेस्ट, बॅटरीचा सेल, लिहायचं पेन, वेट म्हणजे ओलं. 'एक' आणि 'एक्का' हे शब्द सावकाश म्हणून बघा. एक्क्यातला ए झटकन आटोपतो. इंग्रजीत तोच हवा, तोंड मात्र जरा जास्त उघडं.

दुसरा सरकता ए. चवीची टेस्ट, कपड्यांचा सेल, दुखण्याचा पेन, वेट म्हणजे थांबणं. 'देईन' या शब्दातलं 'देई' एका दमात म्हणा आणि त्यातला ई अर्धवट सोडून द्या. इथे जीभ आणि जबडा स्वर चालू असतानाच वर सरकतात.

हे तपासायला हनुवटीखाली बोट ठेवा. 'ओलं' या अर्थाचा वेट म्हणताना स्वर चालू असेपर्यंत हनुवटी खाली आली की तिथेच राहायला हवी. 'थांब' या अर्थाच्या वेटमध्ये ट येण्याआधीच ती वर येऊ लागते. दोन्ही वेळा बोटाला सारखंच जाणवलं, तर तुमचे दोन्ही शब्द एकच झालेत. मराठी माणसाचा बहुधा मधला, लांबट, स्थिर ए निघतो. तो ना इकडचा, ना तिकडचा.

बरेच जण यावर नुसती लांबी वाढवतात. त्याने काम भागत नाही, कारण इंग्रजीत लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते. बेड म्हणजे पलंग यातला ए तुटकाच, पण ड घोष, म्हणजे म्हणताना गळ्यात कंप होणारा, असल्यामुळे हा ए लांबतो. पैज या अर्थाच्या बेटमध्ये ट-मुळे आखडतो. म्हणून भर सरकण्यावर द्या. स्कॉटलंडमध्ये आणि आपल्याकडच्या इंग्रजीत लांब ए न सरकता स्थिर राहतो, त्यात चूक नाही. पण मग तुटका ए खरोखरच तुटका आणि उघडा ठेवावा लागतो. दोन्हींतला फरक टिकणं महत्त्वाचं.

आता स्पेलिंग. दोन व्यंजनांमध्ये एकटं ई अक्षर आलं की बहुधा तुटका ए: गेट म्हणजे मिळणं. ए अक्षर, मग व्यंजन, मग शेवटी मुकं ई असेल तर सरकता: गेट म्हणजे फाटक. ए-आय आणि ए-वाय या जोड्याही सरकत्या. पण याच जोड्यांतले दोन रोजचे शब्द फसवतात. 'म्हणणे' या क्रियापदाचं 'से' सरकतं, त्याचीच पुढची रूपं 'सेड' आणि 'सेझ' मात्र तुटकी आहेत. ही दोन रूपं मराठी तोंडून सरळ येताना क्वचितच ऐकू येतात, आणि दर चार वाक्यांत लागतात.

सगळ्यांत अवघड जोडी ई-ए. टी, सी, मीट, स्पीक यांत ती दीर्घ ई. ब्रेड, हेड, डेथ, हेवी यांत तुटका ए. पुढे डी, टी-एच किंवा व्ही असेल तर ही शक्यता जास्त. आणि ग्रेट, ब्रेक, स्टेक या तिघांत सरकता ए. रोजच्या वापरातले एवढे तीनच, ते पाठ करून मोकळं व्हावं. पुढे आर आला की हिशेबच बदलतो, तो वेगळा विषय.

हे असं का झालं? साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर तोंडात वर सरकत गेले. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमधला पहिला छापखाना लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला काढला १४७६ मध्ये, म्हणजे ही उलथापालथ चालू असतानाच. स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार पुढे जात राहिला. ई-ए पूर्वी लांब, उघडा ए दाखवायचं. बहुतेक शब्द ई-पर्यंत पोचले, काही आधीच आखडले, आणि ग्रेटसारखे तीन शेवटची पायरी न चढता राहिले.

आखडण्याची ही रीत आजही कामाला येते. शेवटी काही जोडलं गेलं की ई-चा तुटका ए होतो, स्पेलिंगमधलं ई-ए मात्र तसंच राहतं: हील–हेल्थ, मीन–मेन्ट, डील–डेल्ट, प्लीज–प्लेझर, क्लीन–क्लेन्लिनेस. अशा जोड्या एकत्र म्हणून पाठ करा, सुटा शब्द लक्षात राहत नाही.

ब्रेक एकटा असताना सरकतो, पण फास्टला जोडून सकाळचा नाश्ता झाला की तोही तुटतो, आणि फास्टमधला आ विरून ओझरता अ उरतो: ब्रेक्फस्ट.