माटोळी, स्कूटर आणि आमची दोन वाढती मुलं

आमच्या घरात सध्या दोन टीनएजर आहेत, लेक बारावीत आणि धाकटा दहावीत, म्हणजे यंदा घरात दोन बोर्डाच्या परीक्षा. भेटेल तो विचारतो, कसं गो सांभाळतेस, काही टेन्शन नाही ना. टेन्शन आहेच, पण मला या वयाची मुलं मनापासून आवडतात. लहानपणी ती आपलं ऐकायची कारण आपण मोठे होतो. आता ऐकतात ते पटलं तरच, आणि पटवून द्यायचं म्हणजे आधी आपल्याला तो विषय नीट माहीत असावा लागतो. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत मी जितकं वाचलंय आणि विचारलंय तितकं कॉलेजातही केलं नव्हतं.

पहिला विषय झोपेचा, कारण रोज सकाळी घरात त्यावरूनच आवाज चढायचा. आमच्याकडे गोव्यात बहुतेक शाळा आठच्या सुमारास भरतात आणि दीड वाजता सुटतात. बस गाठायची तर मुलांना सहाला उठवावं लागतं आणि धाकटा सहाला उठतो म्हणजे फक्त उभा राहतो, डोळे मिटलेलेच असतात. आजीचं म्हणणं, रात्री फोन बघतो म्हणून. फोन आहेच, तो रात्री साडेनऊनंतर हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, सगळ्यांचा, आमचाही. पण फोन काढून घेतला तरी तो अकरापर्यंत टक्क जागा. मग वाचनात आलं की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांमध्ये एक-दोन तास उशिरा सुटायला लागतं, आणि झोप तर त्यांना आठ ते दहा तास हवी असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2014 मध्येच सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. आता शाळेची वेळ काही मी बदलू शकत नाही, पण हे कळल्यावर घरात "आळशी" हा शब्द बंद झाला. जेवण साडेआठऐवजी आठला, दुपारी शाळेतून आल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं, आणि रविवारी नऊपर्यंत कोणी हाक मारायची नाही. आजीला अजून पटत नाही, रविवारी ती भांडी जरा जोरातच ठेवते, पण हाक मारत नाही.

स्कूटरचा विषय याहून अवघड होता.

लेक सोळाची झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू, आई मला स्कूटर. तिचं म्हणणं एकदम चुकीचं होतं असंही नाही. आम्ही राहतो डिचोली तालुक्यात, मेन रोडपासून आत, संध्याकाळी ट्यूशन सुटते तेव्हा बस मिळाली तर मिळाली, आणि मिळाली तरी ती इतकी भरलेली असते की कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत राहतो आणि पुढे जायला जागाच नसते. तिच्या वर्गातली कितीतरी मुलं राजरोस स्कूटर घेऊन येतात. गोव्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही हे खरंय, पाच मिनिटांच्या अंतरालाही आपण किल्ली उचलतो, मुलं तेच बघत मोठी होतात. शेजारच्या काकांनी तर सांगूनच टाकलं, गावातल्या गावात चालवू दे गो, कोण पकडतो?

मी तिला नुसतं नाही म्हटलं नाही. आम्ही दोघींनी बसून कायदा वाचला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटर त्याच्या दुप्पट असतात, त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं, त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. हे शेवटचं वाचून ती गप्प झाली. बाबा तुरुंगात जाईल यापेक्षा, आपल्याला पंचविशीपर्यंत गाडी नाही, हे तिला जास्त लागलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, सोळाव्या वर्षी माणूस असाच विचार करतो.

पण कायदा सांगून आपली सुटका होत नाही. तिची अडचण खरी होती, संध्याकाळचे ते दोन-तीन किलोमीटर तिथेच होते. म्हणून आम्ही ठरवलं की ट्यूशनच्या दिवशी तिला आणायला मी किंवा नवरा जाणार, पाऊस असो, पाहुणे असोत, कामाचा कितीही लोड असो, आणि उशीर होणार असेल तर तिला आधी फोन. तुम्ही मुलांना एखादी गोष्ट नाही म्हणता तेव्हा त्या नाहीचा भार काही प्रमाणात आपणही उचलायला हवा असं मला वाटतं, नाहीतर त्यांना तो फक्त हट्ट वाटतो. आणि या येण्याजाण्यात एक वेगळीच गोष्ट झाली. घरी समोरासमोर बसून विचारलं की "काही नाही", "ठीक", "बरं" एवढंच येतं, पण स्कूटरवर मागे बसली की ती आपणहून बोलते, कोण कोणाशी बोलत नाही, फिजिक्स समजत नाही, कोणी काय बोललं त्याचं वाईट वाटलं. मी मधे मधे फक्त हं हं करते. सल्ला द्यायचा मोह होतो, फार होतो, पण हेल्मेटमधून सल्ला नीट ऐकू जात नाही हे बरंच आहे.

आता धाकट्याबद्दल, आणि खरं म्हणजे मला लिहायचं होतं ते यासाठीच.

आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात. चवथीला सगळं कुटुंब तिथे जमतं, आणि चवथ म्हणजे माटोळी आलीच. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातली रानातली, कुळागरातली म्हणजे पोफळीच्या बागेतली फळं, फुलं, पानं बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, तवशी म्हणजे काकडी, तोरंजन म्हणजे पपनस हे तर असतंच, पण खरी माटोळी ओळखायची ती रानातल्या वस्तूंवरून, कांगलां, माट्टुळां, घागऱ्यो, कवंडळ, शेरवडाची पांढरी पानं, हरणांची पिवळी फुलं. यातलं पुष्कळसं आता बाजारातून विकत आणतात, म्हापसा, डिचोली, फोंड्याला चवथीच्या आधी माटोळीचा बाजारच भरतो. आमच्याकडे मात्र सासरे दरवर्षी स्वतः रानात जायचे. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले की पायऱ्या उतरणंही कठीण, रान तर सोडाच. आता काय करायचं यावर मोठ्या माणसांची चर्चा चाललेली असताना सासरेच म्हणाले, यंदा माटोळी हा बांधणार. हा म्हणजे आमचा धाकटा, तेव्हा चौदाचा, जो सांगूनही स्वतःचं ताट उचलत नाही.

मला काळजी वाटली, पण सासऱ्यांनी अर्धं काम दिलं नव्हतं, पूर्ण दिलं होतं. पैसे त्याच्या हातात, यादी त्याची, माणसं त्याने बोलवायची, आणि चौकट चवथीच्या आदल्या रात्री वर चढली पाहिजे. आपण मुलांना कामं सांगतो ती बऱ्याचदा अशी असतात की त्यांनी नाही केली तरी काही अडत नाही, आपणच मागून करून टाकतो, आणि मुलांना हे बरोबर कळतं. इथे तसं नव्हतं, त्याने नसती बांधली तर गणपतीवर माटोळी नसती.

27 ऑगस्टला चवथ होती, तो चार-पाच दिवस आधीपासूनच आजोबांसोबत सोप्यावर बसायला लागला. आजो नावं सांगणार, हा लिहून घेणार. पहिली यादी त्याने रोमनमध्ये लिहिली, आजोना वाचता येईना, मग पुन्हा सगळी देवनागरीत लिहिली. चुलत भावांना घेऊन रिमझिम पावसात रानात जायचा, पानांचे, फळांचे फोटो काढून आणायचा आणि आजो चष्मा सारखा करून सांगायचे, हे नव्हे रे पुता, याचं पान लांब असतं. कवंडळ दिसायला लालभडक सुंदर, पण विषारी, ते लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं उंच बांधायचं. कळलावीला हात लावला तर हात धुवायचे. केवणीची साल कशी सोलायची आणि तिचा दोर कसा वळायचा. हे सगळं त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात होतं आणि घरातल्या कोणीच, अगदी माझ्या नवऱ्यानेही, कधी नीट विचारून घेतलं नव्हतं. तोरंजनाचे भाव शेवटच्या दोन दिवसांत चढतात हे कळल्यावर धाकट्याने ते आधीच एका मित्राच्या कुळागरातून आणून ठेवलं, बदल्यात त्यांना कांगलां दिली.

आदल्या रात्री चौकट वर चढवली तर ती एका बाजूला कलली. केळ्यांचा घड एका टोकाला बांधला होता, तेवढंच कारण. नवरा उठला, सोडवून द्यायला, तर सासऱ्यांनी त्याला हाताने खाली बसवलं. बोलले काहीच नाही. धाकट्याने बराच वेळ खालून बघितलं, मग चौकट पुन्हा उतरवली, घड मधे घेतला, दोन्हीकडे नारळ सारखे वाटले आणि परत वर चढवली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आम्ही सगळे बसून होतो आणि कोणी एक शब्द बोललं नाही, मला वाटतं आमच्या घरातलं त्या वर्षातलं सगळ्यात कठीण काम तेच असेल.

नंतर पाच दिवस जो पाहुणा आला त्याला तो स्वतःहून माटोळीखाली घेऊन गेला. हे काय, ते कुठे मिळतं, हे का खायचं नाही, सगळं. शाळा कशी चाललीय विचारलं की एक शब्द बोलणारा मुलगा अर्धा अर्धा तास बोलत होता. रात्री घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीलाही तो तेव्हा पहिल्यांदा बसला, घुमट हातात घेतलं तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं की पूर्वी याला घोरपडीचं कातडं असायचं, घोरपड मारायला कायद्याने बंदी आली म्हणून आता बकरीचं लावतात. लगेच त्याचा प्रश्न, मग आवाज बदलला काय? आजोबांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, बदलला, पण वाजवणाऱ्याला सवय झाली.

अभ्यासाचं काय असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. पुढच्या युनिट टेस्टला त्याला नेहमीसारखेच मार्क पडले, वाढले नाहीत आणि कमीही झाले नाहीत. पण मार्कांसाठी हे केलंच नव्हतं.

लेकीने अर्थातच विचारलं, त्याला माटोळी, मग मला काय? योग्य प्रश्न होता. तिने पुरुमेंत मागितलं. म्हणजे पावसाळ्याआधीची सगळी बेगमी, सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, कांद्याच्या माळी, सुकं मासळं, उकडे तांदूळ. 2025 मध्ये मान्सून केरळात 24 मेलाच आला, नेहमीच्या 1 जूनपेक्षा आठवडाभर आधी, आणि गोव्यातही लगेच पोचला, त्यात आमच्या अंगणातल्या अर्धवट वाळलेल्या मिरच्या भिजल्या होत्या. हे तिच्या लक्षात होतं. म्हणून यंदा तिने मे अखेरची वाट न बघता एप्रिलमध्येच सुरुवात केली, तेही शाळा चालू असताना, कारण आता वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि मुलांना उन्हातान्हात जावं लागतं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी तिच्या मागून पिशव्या धरून. मिरची हरमलची घ्यायची की दुसरी यावर तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला, मिरची कॅमेऱ्यासमोर मोडून दाखवली, आजीने बी किती आहे ते विचारलं. विकणाऱ्या बाईने मग स्वतःच फोन घेतला आणि दोघी म्हाताऱ्या बोलत बसल्या, भाव त्यांनीच ठरवला. तिने सगळा हिशोब वहीत लिहिलाय, आणि माझ्या दरवर्षीच्या खर्चापेक्षा कमी पैशांत केलं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी जरा कमी घेतलीत पण ते जुलैत कळेल.

उरलेले पैसे मी तिलाच ठेव म्हटलं. तिने वेगळ्या पाकिटात घातलेत. पुढच्या वर्षी अठरा पूर्ण झाली की लर्निंग लायसन्सची फी ती स्वतः भरणार आहे, तिने तारीखसुद्धा बघून ठेवलीय. हेल्मेट मी घेणार, आयएसआय मार्कचं, तिच्या पसंतीच्या रंगाचं, हेही ठरलंय.