आईचं ओवाळणं आणि माझा प्रोग्रॅम

‘हातवारे ओळखणारा प्रोग्रॅम करायचाय, कोणती लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड) घेऊ?’ शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोंडावर आला की हा प्रश्न घेऊन मुलं येतातच. मी एखादं नाव सांगतो, मुलं खूश होऊन जातात आणि महिन्याभराने परत येतात. ‘सर, माझ्या हाताने चालतं, मॅडमच्या हाताने चालत नाही.’ म्हणून आता नाव सांगायच्या आधी मी आईची गोष्ट सांगतो. तुम्हीही विचारलंत, तेव्हा तुमचीही सुटका नाही.

निन्टेन्डोचा वी हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल २००६च्या शेवटी आला. मला त्यातल्या खेळांपेक्षा हातात धरून हलवायच्या रिमोटचं अप्रूप जास्त होतं. आत एडीएक्सएल३३० नावाची चिप. ती तीन दिशांमधलं त्वरण मोजते, दोन्ही बाजूंना ३ जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट. सेकंदाला शंभरेक नोंदी, आणि त्या साध्या ब्लूटूथवरून येतात. १ आणि २ ही बटणं एकदम दाबली की चार निळे दिवे लुकलुकतात आणि रिमोट कुठल्याही कंप्यूटरशी बोलायला तयार होतो. (टीव्हीवर ठेवायच्या ‘सेन्सर बार’मध्ये सेन्सर नसतोच. नुसते इन्फ्रारेड दिवे असतात, आणि ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. बारऐवजी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी भागतं.)

ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या पसंतीप्रमाणे लायब्ररींची तेव्हा चंगळ होती. पायथनवाल्यांना लिनक्सवर सीविड, डॉटनेटवाल्यांना वीमोटलिब, सीवाल्यांना वीयूज. पण या आकडे हातात आणून देतात, पुढचं तुमचं तुम्ही बघा. जर्मनीतल्या ओल्डनबर्ग विद्यापीठातून आलेली विगी ही जावाची लायब्ररी एक पाऊल पुढे होती. ए बटण दाबून धरा आणि हालचाल शिकवा, बी दाबून धरा आणि विचारा. आत हिडन मार्कोव्ह मॉडेल. आलेली प्रत्येक नोंद मोजक्या ठरावीक दिशांपैकी एकीत बसवायची, आणि मग दिशांची ती माळ कुठल्या हालचालीतून आली असण्याची शक्यता जास्त, ते काढायचं.

माझा प्रोग्रॅम याच धर्तीवर होता. गोल, चौकोन आणि झेड. भाच्याने आणि मी मिळून शिकवलं, झकास चाललं. मग आईला म्हटलं, गोल काढ. तिने रिमोट असा धरला की जणू हातात निरांजन आहे, आणि सावकाश ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रोग्रॅम गप्प. चुकीचं उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं, पण याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

हिशेब मांडला तेव्हा कळलं. गोल फिरण्यातलं त्वरण वेगाच्या वर्गाने वाढतं. हाताचा गोल वीस सेंटिमीटर त्रिज्येचा धरा. भाचा अर्ध्या सेकंदात एक फेरा मारायचा, म्हणजे ३.२ जी. चिपची मर्यादाच ओलांडली, टोकं छाटली जायची, तरी आकार उरायचा. आईचा एक फेरा तीन सेकंदांचा. वेग सहापट कमी, त्वरण छत्तीसपट कमी, म्हणजे जेमतेम ०.०९ जी. आता गंमत बघा. रिमोट टेबलावर नुसता पडलेला असला तरी तो १ जी दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही. म्हणून अशा प्रोग्रॅममध्ये एक चाळणी लावतात, की नोंद १ जीच्या आसपास असेल तर हात स्थिर आहे असं समजा आणि ती टाकून द्या. मीही लावली होती. खेळासाठी ती रास्तच आहे. आईचं अख्खं ओवाळणं त्या चाळणीतून खाली गळून गेलं.

चाळणी काढली, तरी अडलंच. मी प्रत्येक नोंदीचे आठच बिट (० किंवा १ असे आठ अंक) वाचत होतो, त्यात १ जी म्हणजे साधारण पंचवीस पायऱ्या. आईचा गोल त्यातल्या दोन पायऱ्या वर, दोन खाली. उरलेले बिट बटणांच्या माहितीतल्या रिकाम्या जागांत दडवलेले असतात, ते मी आळसाने सोडले होते. ते जोडले की एका अक्षावर दहा आणि बाकीच्या दोनांवर नऊ बिट मिळतात.

तिसरी गोष्ट तर माझ्या ध्यानीमनीही नव्हती. भाचा गोल काढताना मनगट वळवायचा, रिमोट कलंडायचा आणि गुरुत्वाकर्षण एका अक्षावरून दुसऱ्यावर सरकायचं. आमचं मॉडेल गोल म्हणून बरंचसं ते कलंडणंच शिकलं होतं. आईचा हात मात्र शेवटपर्यंत सपाट. निरांजन कलंडवून कसं चालेल?

मधल्या काळात, त्वरणाची दोनदा बेरीज करून हाताचा सरळ मार्गच का काढू नये, हाही नाद केला. प्रत्येकजण एकदा करतोच. रिमोटच्या कलाचा अंदाज एका अंशाने चुकला तर पाच सेकंदांत हात दोन मीटर लांब गेलेला दिसतो. २००९मध्ये मोशनप्लस या जोडणीतून जायरोस्कोप, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर, आला आणि कलाचा अंदाज पुष्कळ सुधारला, पण बेरजेतली चूक साचत जायची ती जातेच.

शेवटी कामाला आलं ते डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. बोलणं ओळखण्यासाठी सत्तरच्या दशकात वापरात आलेली ही युक्ती. तीच बंदिश विलंबितात गायली काय आणि द्रुतात गायली काय, सम कुठे हे जाणकाराला कळतं. तसंच इथे दोन नोंदमाळा ताणून-आवळून एकमेकींशी जुळवायच्या आणि उरलेलं अंतर मोजायचं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या यूवेव्ह या प्रकल्पाने २००९मध्ये याच वाटेने, प्रत्येक हालचालीचा एकेकच नमुना घेऊन काम भागतं हे दाखवलं होतं. मी आईचे पाच घेतले. आधी गुरुत्वाकर्षण वजा केलं, मग जोर एका मापात आणला, मग तुलना. चाललं.

आज हे करायचं तर रिमोट शोधत बसू नका, खिशातल्या फोनमध्ये त्याहून चांगली चिप आहे. कॅमेऱ्याने करायचं असेल तर मीडियापाइप ही लायब्ररी हाताचे २१ बिंदू आयते देते. लायब्ररी कुठलीही घ्या, पण ती नोंदी कुठे टाकून देते ते आधी तिच्या कोडमध्ये शोधा. आणि पहिले दोन दिवस काहीही ओळखायला जाऊ नका. घरातल्या चार जणांच्या हातात फोन द्या, आकडे नुसते फाइलमध्ये उतरवा आणि आलेख काढून बघा.

माझ्याकडे त्या फाइली अजून आहेत. आईच्या तिसऱ्या नमुन्यात मधेच एक उंच टोक दिसतं. कुकरची शिट्टी झाली आणि ती ओवाळता ओवाळता वळली होती. तो नमुना काढला की भाच्याचे चौकोन गोलात मोजले जाणं थोडं कमी होतं, मी करून पाहिलंय. पण मग आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओवाळते ते ओळखू येत नाही. ठेवलाय.