आमची वाटचाल: बिल बनवण्यापासून पोहोचवण्यापर्यंत

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांना बिलांचं सॉफ्टवेअर देऊन आम्ही धंदा सुरू केला. बिल कॉम्प्युटरवर बनायचं, पण मुनीमजी प्रिंट काढून ती स्कॅन करायचे आणि एकेका व्यापाऱ्याला मेल करत बसायचे. सीझनमध्ये त्यांना घरी जायला रात्र व्हायची. एका शेठनी सरळ विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर बिल बनवतं, तर पाठवत का नाही?"

पाठवायला फार काही लागत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत मेल पाठवायची एसएमटीपीलिब आणि मेल तयार करायची ईमेल या लायब्ररी, म्हणजे तयार कोड, फुकटच येतात. ईमेल लायब्ररीतल्या ईमेलमेसेजमध्ये कोणाकडून, कोणाला, विषय हे भरायचं, पीडीएफ जोडायची, मेल सर्व्हरच्या 587 पोर्टवर स्टार्टटीएलएस लावून (म्हणजे जोडणी सुरक्षित करून) लॉगिन करायचं आणि मेल सोडायची. दहा-पंधरा ओळींचं काम. विषय मराठीत लिहिला तरी त्याचं एन्कोडिंग लायब्ररीच सांभाळते. एवढ्यासाठी महागडी सेवा घेणाऱ्यांचं मला नवलच वाटतं.

खरी मेहनत पुढे आहे. सर्व्हरनं 250 असं उत्तर दिलं म्हणजे त्यानं मेल ताब्यात घेतली, इतकंच. ती स्पॅममध्ये पडली की अमळनेरहून फोन ठरलेला, "भाऊ, बिल उनं नही!" म्हणून नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी त्याच्या डोमेनचं, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचं, डीएनएस (त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदी) बघतो. या डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते एसपीएफ सांगतं, डीकेआयएम मेलवर सही करतं आणि या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते डीमार्क ठरवतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही लागतं. आमचं एकही गिऱ्हाईक त्या आकड्याच्या जवळपास नाही, तरी आम्ही तिन्ही लावूनच देतो.

व्हॉट्सअॅप असताना मेल कशाला, असं विचारणारे भेटतात. पण वर्षाअखेरी सीए बिलं मागतात, तेव्हा सगळे मेलच शोधतात.

आता रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांचं काम घेतलंय. तिथं गाडी भरली की लगेच बिल हवं, आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून बटण दाबल्यावर मेल आधी रांगेत जाते आणि मागे चालणारा वेगळा प्रोग्राम ती पाठवतो. सर्व्हरकडून उत्तरात चारशेच्या घरातला कोड आला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न होतो. 550 आला तर बहुतेक वेळा पत्ताच चुकलेला असतो. मग मुनीमजींच्या स्क्रीनवर त्या पार्टीच्या नावापुढे लाल अक्षरांत येतं, 'पत्ता तपासा'.