अडकित्त्यातला मोर

रविवार, रात्र

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना नजर आधी मोर-घोड्यांच्या आकृत्यांवरच खिळते. सुपारी कातरायचं हत्यार आहे हे नंतर लक्षात येतं. मला मात्र ही नक्षी नेमकी कुठे बसवलीय ते पाहणं जास्त आवडतं.

दोन दांडे एका टोकाला खिळ्याने जोडलेले, वर पातं, खाली बोथट पट्टी. सुपारी खिळ्यापासून तीन सेंटिमीटरवर आणि मूठ पंधरावर असली, तर हाताचा जोर सुपारीवर पाचपट पडतो. सुपारी आणखी आत सरकवली की जोर वाढायला हवा, पण तिथे दांड्यांमधला कोन रुंद होतो आणि गोल सुपारी मुठीकडे निसटते. म्हणून पट्टीला उथळ खोबण हवी. अख्खी सुपारी आधी दुभागायची, मग सपाट बाजू खाली ठेवून बारीक कातरायची.

आता शिल्पाकडे. खिळ्याच्या पुढे आणि पात्याच्या पाठीवर ना सुपारी येते ना तळहात. जाणत्या कारागिराचा मोर तिथेच बसतो. घोड्याची मानही पात्याच्या पाठीच्या बाकातूनच वर येते. मुठीवर उठावाची वेलबुट्टी केली की दहा सुपाऱ्यांत तळवा सोलवटतो; असा अडकित्ता कितीही देखणा असो, मला तो फसलेलाच वाटतो. दांडे मिटल्यावर मुठींमध्ये बोटभर फट राहायला हवी, नाहीतर तळव्याची कातडी चिमटते. दांड्यांचा बाहेरचा डौलदार बाक याच फटीसाठी असतो, आणि ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

देखणेपण आणि काम यांचा असा मेळ इतर वस्तूंतही शोधावासा वाटतो. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कच्या तीन पायांच्या लिंबूपिळणीत (१९९०) रस खाचांवरून ओघळून टोकाशी थेंबतो, खाली पेला ठेवायचा. ही रचना छान आहे, पण बिया अडवायला काहीच नाही.

पितळी अडकित्ता बिघडतो तो बहुधा खिळ्यापाशी. पितळ मऊ असल्याने भोक झिजून लांबट होतं, पातं बाजूला डुलतं आणि सुपारी कातरण्याऐवजी चुरडते. खिळ्याचं डोकं ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून बसवावं. जोरात ठोकलं तर दांडे आवळतात. मग मिटून उजेडासमोर धरावा. पातं आणि पट्टी यांच्यामधून उजेड दिसला तर धार वाकडी लागली आहे.

चिंचेने पितळ लखलखतं, पण तेच आंबट पाणी पात्याच्या सांध्यात शिरलं की लोखंड गंजतं, आणि पितळाला चिकटलेलं असल्यामुळे आणखी लवकर. घासून झाल्यावर लगेच धुवावा, कोरडा पुसावा, खिळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. जुना नक्षीदार अडकित्ता तर चमकवूच नये. दर घासणीला मोराच्या पिसाची एकेक रेघ पुसट होते.