जेसीबी परत पाठवला तो दिवस

मी पोचले तेव्हा जेसीबी गेटवर येऊन थांबलेला होता. मॅनेजर साहेबांचं ठरलेलंच होतं, रेन गार्डनचा, म्हणजे पार्किंगवरून येणारं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला केलेल्या झाडांच्या खोलगट वाफ्याचा, खड्डा आज बुजवायचा, वरून काँक्रीट टाकायचं आणि पार्किंगचं सगळं पाणी पाइपने सरळ गटारात सोडायचं. मला बोलावलं होतं ते फक्त सही करायला. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती म्हणा, पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी खड्ड्यात वीतभर पाणी तसंच उभं होतं, आणि हे पाणी खरं तर 24, फार तर 48 तासांत जिरायला हवं. डासाच्या अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नीट चालणाऱ्या रेन गार्डनमध्ये डास होतच नाहीत, पण इथली लक्षणं वेगळी होती.

साहेब म्हणाले, "मॅडम, ही सगळी चार दिवसांची फॅशन हो." म्हटलं, 1990 च्या आसपास मेरीलँडमध्ये सुरू झालेली फॅशन आहे, अजून टिकलीय, मला तासभर द्या, मग काय ते करा.

बूड कापलेली बादली मी पाण्यात उभी केली, दाबून मातीत रुतवली आणि आतलं पाणी मगाने उपसलं. तळाला राखाडी, गुळगुळीत गाळाचा थर, बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. खुरप्याने खरवडला तर कागदासारखा सलग निघाला, आणि त्याच्याखाली वाळू-कंपोस्टचं मिश्रण चक्क कोरडं! भुसभुशीत, मुठीतून गळेल असं. वर वीतभर पाणी आणि खाली कोरडी माती, हे मी पुस्तकात वाचलं होतं पण इतकं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं. बादलीत तांब्याभर पाणी ओतलं, बुडबुडे फुटत बघता बघता खाली गेलं. साहेब वाकून बघत होते, काही बोलले नाहीत, पुन्हा एकदा ओता म्हणाले.

म्हणजे गार्डनचा दोष नव्हता, वरून गाळ येत होता. आता गाळ कुठला ते शोधायला फार चालावं लागलं नाही. कर्बला, म्हणजे पार्किंगच्या कडेच्या उंच काठाला, पाणी आत यायला जी फट ठेवलेली असते तिथली खडी गाळाने पूर्ण भरलेली, खरं तर ही खडी त्यासाठीच असते, गाळ तिथेच अडावा आणि फावड्याने काढता यावा म्हणून, पण भरली की पुढचा सगळा गाळ आत. आणि वरच्या कोपऱ्यात केबल खोदाईचा मातीचा ढीग, उघडा, ताडपत्री नाही काही नाही, पाऊस आला की चहासारखं पाणी वाहत येणार. 1200 चौरस मीटरचं पार्किंग आहे, 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 30 हजार लिटर पाणी होतं, आणि ते सगळं त्या ढिगाला धुऊन येणार म्हटल्यावर गार्डन किती दिवस तग धरेल!

जेसीबी परत पाठवला. खड्ड्यात यंत्र घालायचंच नाही, एकदा चाकाखाली माती दाबली गेली की पाणी जिरणं संपलं, मग कितीही वाळू टाका. पंपाने पाणी उपसून माणसांनी फावड्या-घमेल्यांनी वरचा दोन-तीन इंचांचा थर काढला, तेवढीच नवी वाळू-कंपोस्ट भरली, ढीग उचलायला लावला. झाडं तशीच ठेवली, मुळांमुळेच तर जमिनीत वाटा राहतात. पुढच्या मोठ्या पावसात संध्याकाळी खड्डा भरला आणि सकाळी तळ दिसला.

राहून राहून मला वाटतं ते माळीकाकांचं. ते रोज तिथे असायचे, झाडं छाटायचे, पानं गोळा करायचे, पण खडीतला गाळ काढायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कंत्राटात फक्त बागकाम लिहिलेलं. मोठ्या पावसानंतर खडी बघणे आणि गाळ काढणे ही ओळ आता आम्ही कंत्राटात घातलीय. साहेबांनी विचारलं, याने मेंटेनन्स वाढेल का, म्हटलं वाढेल, थोडा.