१२ व्होल्टच्या बल्बचा रोध: तीन बैठकींच्या नोंदी

या खेपेला ठरवलं होतं, रेझिस्टरवर छापलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही. व्होल्टेज मोजायचं, करंट मोजायचा आणि रोध व पॉवर त्यातूनच काढायचे. सामान मोजकंच: ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा पॉवर सप्लाय, दोन मल्टिमीटर, १० ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर आणि १२ व्होल्ट १० वॅटचा फिलामेंटचा बल्ब.

पहिली बैठक रेझिस्टरची. सप्लायवर ५.०० व्होल्ट, सिरीजमधल्या मीटरवर ०.४७ अँपिअर. भागाकार केला तर १०.६ ओहम. रेझिस्टर ५ टक्क्यांचा आहे, म्हणजे फार तर १०.५ यायला हवा. व्होल्टमीटरचे प्रोब सप्लायच्या टर्मिनलवरून काढून थेट रेझिस्टरच्या पायांवर टेकवले, तेव्हा आकडा ४.७२ झाला. ४.७२ भागिले ०.४७ म्हणजे १०.०४ ओहम. उरलेले ०.२८ व्होल्ट क्रोकोडाइल क्लिपच्या बारीक वायरी, त्यांचे जोड आणि करंट मोजणारा मीटर यांच्यात खर्च होत होते. तो रोध ०.६ ओहम भरतो. १० ओहमच्या रेझिस्टरला हे ६ टक्के आहेत. १ ओहमचा रेझिस्टर असता तर मोजमाप पार बिघडलं असतं.

तेव्हापासून नियम केला आहे: ज्याचा रोध काढायचा, प्रोब त्याच्याच अंगावर. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम आहे, म्हणजे ५ व्होल्टला तो जेमतेम अर्धा मायक्रोअँपिअर खातो. इथे तो विसरून चालतं. १ मेगओहमचा रेझिस्टर मोजताना मात्र हीच जोडणी करंट १० टक्के जास्त दाखवेल, तिथे व्होल्टमीटर करंटच्या मीटरच्या अलीकडे लावायचा.

पॉवर आली ४.७२ × ०.४७ = २.२२ वॅट. रेझिस्टरवरचं व्होल्टेज दुप्पट केलं की पॉवर चौपट होते, हे सूत्रात रोज वाचतो. ते हाताला कळलं. ४.७२ ला रेझिस्टरजवळ नुसती ऊब होती, ९.४४ ला सुमारे ८.९ वॅट झाले आणि बोट जवळ नेववेना. १० वॅटच्या रेझिस्टरला मी इथून पुढे ५ वॅटच्या वर फार वेळ ठेवणार नाही.

दुसरी बैठक बल्बची, आणि खरी मजा इथे आली. आधी थंड बल्ब ओहमच्या रेंजवर मोजला: १.४, त्यातून प्रोब एकमेकांना टेकवून आलेले ०.२ वजा केले, उरले १.२ ओहम. मग एकेक व्होल्टेज देऊन, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून नोंद घेतली.

०.१० व्होल्टला ७७ मिलिअँपिअर: १.३ ओहम.
१ व्होल्टला ०.२१ अँपिअर: ४.८ ओहम, ०.२१ वॅट.
३ व्होल्टला ०.३९: ७.७ ओहम, १.१७ वॅट.
६ व्होल्टला ०.५७: १०.५ ओहम, ३.४ वॅट.
१२ व्होल्टला ०.८४: १४.३ ओहम, १०.१ वॅट.

३ व्होल्टला फिलामेंट मंद लालसर होतं, ६ ला पिवळं. ६ वरून १२ वर गेल्यावर पॉवर चौपट नाही, तिपटीच्या आसपास झाली, कारण तेवढ्यात रोधही वाढला. थंड आणि पूर्ण पेटलेल्या बल्बच्या रोधात जवळजवळ १२ पट फरक आहे. टंगस्टनच्या तक्त्यांत १२ पट रोध साधारण २३०० केल्विनला येतो, म्हणजे दोन मीटर आणि एका भागाकारावर फिलामेंटचं तापमान हाती लागलं! काचेला हात न लावता.

थांबून नोंद घेण्याचं कारण हेच: फिलामेंटचं तापमान स्थिरावल्याशिवाय रोध आणि करंट स्थिरावत नाहीत. ज्याचं नाव रोधाच्या एककाला आहे त्या शास्त्रज्ञ ओहमलाही सुरुवातीला बॅटरीचा करंट स्थिर मिळत नव्हता, म्हणून १८२६ च्या प्रयोगांत त्याने बिस्मथ आणि तांब्याची थर्मोकपल, म्हणजे तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडणी, वापरली. त्याचा व्होल्टेज, करंट आणि रोधाचा नियम १८२७ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्या जोडणीतून मिळणारं व्होल्टेज अगदी थोडं, पण तापमान धरून ठेवलं की ते हलत नाही.

तिसऱ्या बैठकीत एक जुना गोंधळ सुटला. सप्लाय १२ व्होल्टवर ठेवून बल्ब एकदम जोडला की सीसीचा, म्हणजे सप्लाय करंटच्या मर्यादेला टेकल्याचा, लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. ०.८४ अँपिअरच्या बल्बला ३ अँपिअरची मर्यादा कशी लागते, हे कळत नव्हतं. थंड १.२ ओहम धरा: १२ भागिले १.२ म्हणजे १० अँपिअर, १२० वॅट! क्षणापुरते, पण सप्लायला तेवढं पुरे. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवलं तर दिवा लागत नाही.

शेवटी एक भाकीत करून पाहिलं. बल्ब आणि तोच १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, दोन्ही मिळून १२ व्होल्ट. बल्ब १४.३ ओहमचा धरला तर त्याच्यावर ७.१ व्होल्ट यायला हवेत. वरच्या तक्त्यातून मात्र ६ व्होल्टला ०.५७ अँपिअर, रेझिस्टरवर ५.७, बेरीज ११.७. म्हणजे बल्बवर ६ च्या किंचित वर. प्रोब टेकवले, मीटरवर ६.१५ आले, करंट ०.५८. बल्ब पिवळट पेटला, आणि जोडताना सीसीचा दिवा लुकलुकलाही नाही.